उभ्या यंत्राची राखण

एप्रिल २०२२ मधील ती चित्रफीत बहुतेक वाचकांनी आपापल्या मोबाईलवर पाहिली असेल. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्याचे आरग हे गाव. रात्रीची वेळ. एटीएमचे काचेचे दार फोडून जेसीबीचे बकेट आत शिरते आणि पाहता पाहता ते पैशांचे यंत्र मुळासकट उपटून काढते. देशभर ही चित्रफीत फिरली. कोणी हसले, कोणी हळहळले. बँकेत चौतीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य म्हणून मलाही अनेकांनी विचारले, "साहेब, आतल्या रोकडीचे काय झाले असेल हो?"

मला मात्र त्या वेळी दुसराच प्रश्न पडला होता. तो जेसीबी कोणाचा असेल? कारण तो जेसीबीही चोरीचाच होता. एटीएमला विमा असतो, बँकेपाशी राखीव निधी असतो. ज्याचा जेसीबी नेला, त्याच्यापाशी काय असते? बहुधा एक कर्जखाते, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा हप्ता आणि त्या एका यंत्रावर चालणारे घर.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. पनवेल आणि भोवतालच्या परिसरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या अनेक कुटुंबांनी किराणा, कापड आणि सोन्याचांदीच्या पेढीबरोबर नव्या व्यवसायांत पाऊल टाकले. कोणी सिमेंट-लोखंडाचा व्यापार धरला, कोणी कळंबोलीच्या पोलाद बाजारात गाळा घेतला, कोणी यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान थाटले, तर कोणी एक-दोन जेसीबी घेऊन ते भाड्याने लावले. द्रुतगती महामार्ग, तळोज्याची औद्योगिक वसाहत, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ ही सारी कामे याच मातीत झाली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळवले गेले. हे सारे यंत्रांनी केले, आणि त्यांतील कितीतरी यंत्रे मोठ्या कंपन्यांची नव्हती, तर तुमच्या-आमच्यासारख्या लहान मालकांची होती.

दुकानाला शटर असते, गोदामाला कुलूप असते, तिजोरीला दुहेरी किल्ली असते. परंतु तीस-पस्तीस लाखांचे यंत्र आपण रात्री उघड्या माळावर उभे करतो आणि निश्चिंत मनाने घरी येतो. हा विरोधाभास मी बँकेत असताना शेकडो वेळा पाहिला. त्याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकच किल्ली, अनेक यंत्रे

मोटारीची किल्ली हरवली तर दुसरी किल्ली मिळवताना घाम फुटतो. जेसीबी, रोलर, फोर्कलिफ्ट किंवा पोकलेन यांची गोष्ट वेगळी आहे. जगभरातील बहुतेक उत्पादकांनी वर्षानुवर्षे एका प्रकारच्या सर्व यंत्रांना एकच किल्ली दिली. त्यामागे सोयीचा विचार होता. मोठ्या साईटवर दहा यंत्रे आणि पाळीपाळीने बदलणारे पंधरा ऑपरेटर असतात. प्रत्येक यंत्राची वेगळी किल्ली सांभाळत बसले, तर सकाळचा पहिला तास त्यातच जाईल. परंतु हीच सोय चोराचीही सोय झाली. सुट्या भागांच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी एक किल्ली खिशात असली, की कुलूप तोडण्याचेही कारण उरत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. चाकांवर चालणारी आणि रस्त्यावर येऊ शकणारी यंत्रे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील 'बांधकाम उपकरण वाहन' या व्याख्येत बसतात. त्यांची परिवहन कार्यालयात नोंदणी होते. आपल्याकडील अशा यंत्रांवर एमएच-४६ हा क्रमांक दिसतो, तो पनवेल कार्यालयाचा. परंतु साखळीवर चालणाऱ्या पोकलेन यंत्राचे तसे नसते. ते स्वतः रस्त्यावर धावत नाही, ट्रेलरवर चढवून नेले जाते. त्याला क्रमांकाची पाटी नसते. महामार्गावर ट्रेलरवरून एक पोकलेन जात असेल, तर ते मालकाचे आहे की चोरीचे, हे नाक्यावरच्या हवालदाराने कशावरून ओळखावे?

ही अडचण केवळ आपली नाही. जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आरगमध्ये पुढे घडले तसेच घडू लागले होते. चोरलेल्या यंत्रांनी पैसे देणारी यंत्रे उखडली जात होती. तेव्हा कोमात्सु या कंपनीने यंत्राचे ठिकाण उपग्रहाद्वारे कळावे आणि इंजिन दुरूनच बंद करता यावे, अशी योजना आखली. तिचे नाव कोमट्रॅक्स. पुढे ही प्रणाली यंत्राची देखभाल, इंधनाचा खर्च आणि कामाचे तास मोजण्यासाठी अधिक उपयोगी ठरली. इंग्लंडमध्ये २००७ साली 'सीझर' नावाची नोंदणी योजना सुरू झाली. तीत यंत्रावर त्रिकोणी ओळखपट्टी लावतात, आत दडवलेल्या चिप बसवतात आणि डोळ्यांना सहज न दिसणारे सूक्ष्म ठिपके ठिकठिकाणी चिकटवतात. पोलिसांनी तपासले, की मालक कळतो. चोराला यंत्र पळवता येते, पण त्याची ओळख पूर्णपणे पुसता येत नाही, हे त्या योजनेचे मर्म आहे. हे मर्म आपण फारसा खर्च न करताही आपल्या यंत्राला लावू शकतो. कसे, ते एका जुन्या प्रकरणातून सांगतो.

फाइलमधील पेन्सिलची रेघ

साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्या शाखेतून एका तरुण उद्योजकाला जेसीबीसाठी कर्ज दिले होते. वडिलांचे हार्डवेअरचे दुकान, दोघे भाऊ. धाकट्याने दुकानात न बसता हा व्यवसाय निवडला. कर्ज मंजूर करण्यापूर्वी तपासणीला आमच्या शाखेतील एक नवशिका अधिकारी गेला होता. रीतीप्रमाणे त्याने चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला. ते पुरेसे होते. परंतु या मुलाने इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंप यांच्यावरचेही क्रमांक वहीत उतरवून आणले. "अरे, आपण यंत्र तारण घेतो आहोत, पंप नव्हे," असे म्हणून मी त्याची थट्टा केल्याचे मला आठवते.

दीड वर्षाने एका रविवारी रात्री महामार्गालगतच्या साईटवरून ते यंत्र नाहीसे झाले. किल्ली ऑपरेटरच्या सीटखाली होती. "रोज तिथेच ठेवतो," असे ऑपरेटरने सांगितले. मालक बिचारा घाबरला. पोलिसांत जाण्याऐवजी नातेवाईक आणि मित्रांना घेऊन त्याने तीन दिवस स्वतःच शोध घेतला. खोपोली, पेण, कर्जत, सारे पालथे घातले. चौथ्या दिवशी फिर्याद नोंदवली. विमा कंपनीला तर त्यानंतरही काही दिवसांनी कळवले. दाव्याला नकार आला. कारणे दोन दिली होती. कळवण्यास विलंब आणि वाहनाची वाजवी काळजी न घेणे. इकडे बँकेचा हप्ता थांबत नव्हता, आणि तो मागण्याचे काम माझ्याकडे होते. ज्या घरी मी मंजुरीपत्र घेऊन गेलो होतो आणि पेढा खाल्ला होता, त्याच घरी वसुलीच्या नोटिशीबद्दल बोलायला जावे लागले. नोकरीतील ते दिवस मी विसरलेलो नाही.

नऊ महिन्यांनी परराज्यातून एक संशयित यंत्र सापडल्याचा निरोप आला. रंग बदललेला, पाटी बदललेली, चेसिसचा क्रमांक कानशीने घासून टाकलेला. ते आपलेच, हे सिद्ध कसे करायचे? तेव्हा त्या नवशिक्या अधिकाऱ्याची वही कामी आली. चोराला पंपावरचा क्रमांक घासायचे सुचले नव्हते. तो जुळला, गिअरबॉक्सचाही जुळला, आणि यंत्राची ओळख पटली. ज्याची मी थट्टा केली होती, त्याच कागदाने एका कुटुंबाला आधार दिला.

म्हणून माझी पहिली आणि आग्रहाची सूचना अशी. आज घरी यंत्र असेल, तर उद्या सकाळी त्याचा ओळखकागद तयार करावा. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, हायड्रॉलिक पंप, इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बॅटऱ्या, टायर आणि ब्रेकर, या प्रत्येकाचा क्रमांक लिहावा, त्याचे छायाचित्र काढावे. यंत्रावर एखादा जुना ओरखडा, जोडकाम, वेल्डिंगची खूण असेल, तर तीही टिपावी. बकेटच्या आतल्या बाजूस, सीटखाली आणि बॉनेटच्या आत अशा तीन-चार अदृश्य जागी स्वतःची खूण ठोकून घ्यावी. लोहाराच्या अक्षरठशांनी हे काम अर्ध्या तासात होते. या कागदाची एक प्रत घरी, एक हिशेबनीसाकडे आणि एक बँकेच्या फाइलमध्ये असावी.

यंत्र राहते, भाग जातात

संपूर्ण यंत्र चोरणे हे धाडसाचे काम. त्यापेक्षा सुटे भाग नेणे सोपे. टाकीतले डिझेल, बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, बकेटचे दात, पान्यांची पेटी, तांब्याच्या केबल आणि खडक फोडणारा ब्रेकर, एवढ्या वस्तूंना बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळते. बॅटरीतले शिसे वितळवले, की तिची ओळखच संपते. त्यातच १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे निकष लागू झाले. त्यामुळे नव्या यंत्रांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले, आणि डब्याएवढा तो नियंत्रक हाच एक मोलाचा भाग होऊन बसला.

अशा चोरीची खरी किंमत मालक क्वचितच मांडतो. व्यापाऱ्याच्या रीतीने आपण ती मांडून पाहू. समजा, बॅटरी बारा हजारांची. यंत्राचे भाडे तासाला बाराशे रुपये आणि दिवसाला आठ तास काम धरले, तर एक दिवस बंद राहिल्याने नऊ हजार सहाशे रुपये बुडाले. ऑपरेटरचा पगार द्यावाच लागतो. साईटवरचा ठेकेदार दुसऱ्याचे यंत्र बोलावतो, ते निराळेच. म्हणजे बारा हजारांची चोरी पहिल्याच दिवशी बावीस हजारांच्या घरात जाते. याच्या तुलनेत बॅटरीच्या पेटीला लोखंडी पट्टी आणि चांगले कुलूप लावण्याचा खर्च किती? जिचा खटका काढून घेता येतो अशी कट-ऑफ कळ बसवली, तर बॅटरी तोडण्याची आणि यंत्र सुरू न होऊ देण्याची, अशी दोन्ही कामे साधतात. डिझेलच्या टाकीला कुलपाचे झाकण आणि आत जाळी असली, की नळी आत जात नाही.

यंत्र उभे करण्याचीही एक रीत आहे. बकेट आणि मागचा हात जमिनीवर टेकवून ठेवावा. त्यामुळे अपघात टळतो आणि यंत्र ढकलून किंवा ओढून नेता येत नाही. बॅटरी आणि टाकीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या यंत्राकडे असावी. दोन-तीन यंत्रे असतील, तर लहान यंत्र मध्ये आणि मोठी बाहेर, अशी रचना करावी. ब्रेकर सुटा पडलेला नसावा. तो बकेटखाली दाबून ठेवावा. किल्ली सीटखाली, पायपुसण्याखाली किंवा चाकावर ठेवण्याची सवय तर आजच मोडावी. शक्य असेल तर मूळ कुलूप बदलून घ्यावे किंवा इंधनाचा प्रवाह रोखणारी एक लपवलेली कळ बसवून घ्यावी.

आता ठिकाण दाखवणारे जीपीएस यंत्र परवडणाऱ्या दरात मिळते. काही उत्पादक तर नव्या यंत्रात ते बसवूनच देतात. परंतु ते घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. मुख्य बॅटरी काढली तरी ते चालू राहील अशी त्याला स्वतःची बॅटरी आहे काय? ठरवलेल्या हद्दीबाहेर यंत्र गेले तर मध्यरात्रीही इशारा येतो काय? आणि तो इशारा कोणाच्या मोबाईलवर येतो? केवळ मुनीमजींच्या मोबाईलवर येत असेल आणि ते रात्री फोन बंद करून झोपत असतील, तर त्या यंत्राचा उपयोग सकाळी वाईट बातमी कळण्यापुरताच. वर्षाचे शुल्क संपल्यावर जीपीएस मुका होतो, हेही अनेकांना चोरी झाल्यावरच कळते.

ऑपरेटर आणि सुट्ट्यांचे दिवस

यंत्राची सर्वात चांगली राखण माणूस करतो, आणि सर्वात मोठा धोकाही कधी कधी माणसाकडूनच येतो. ऑपरेटर नेमताना त्याच्या परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत, गावचा पत्ता, आधीच्या मालकाचे नाव हे सारे घ्यावे आणि पोलीस ठाण्याकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. त्याला अविश्वास समजू नये. बँकेत आम्हा सर्वांचीही पडताळणी होत असे. त्याचबरोबर ऑपरेटरला वेळेवर पगार, झोपण्याची बरी जागा आणि आदराने बोलणे या तीन गोष्टी दिल्या, तर निम्मी सुरक्षा आपोआप होते. ज्याला "अरे-तुरे" करून अर्धा पगार अडकवून ठेवला आहे, त्याने आपल्या यंत्रासाठी रात्री जागावे, ही अपेक्षा रास्त नाही.

दिवसभराच्या नोंदवहीत सकाळचा आणि संध्याकाळचा तासांचा मीटर, डिझेलची पातळी आणि यंत्र उभे केल्याची जागा यांची नोंद असावी. संध्याकाळी यंत्राचे एक छायाचित्र मालकाला पाठवण्याची पद्धत ठेवावी. त्यात बॅटरीची पेटी आणि टाकीचे झाकण दिसले पाहिजे.

कोकणात पावसाळ्यात मातीची कामे थांबतात. आपला चातुर्मासही त्याच महिन्यांत येतो. पर्युषणात कुटुंबे प्रवचनात, उपवासात, सामायिकात गुंतलेली असतात आणि साईटकडे कोणी फिरकत नाही. होळीला आणि छठला ऑपरेटर आपापल्या गावी जातात. यंत्र आठवडेच्या आठवडे एका जागी उभे राहते, आणि भोवतीच्या गवताची वाढ पाहूनच कोणालाही कळते की येथे कोणी येत नाही. अशा काळात यंत्र साईटवर न ठेवता कुंपण, दिवा आणि पहारेकरी असलेल्या जागी आणावे. चार-पाच मालकांनी मिळून एखादी बंदिस्त जागा भाड्याने घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा येतो. धर्माराधनेत मन लागावे असे वाटत असेल, तर घराबाहेरच्या वस्तूची व्यवस्था आधी लावलेली बरी.

विमापत्र वाचावे, आणि वेळेत कळवावे

विम्याच्या बाबतीत आपला समाज हप्ता भरण्यात चोख आहे, पण विमापत्र वाचण्यात आळशी आहे. व्यावसायिक वाहनाच्या सर्वसाधारण विमापत्रात एक अट असते. वाहन त्याच वेळी चोरीला गेले नसेल, तर केवळ सुट्या उपकरणांच्या चोरीची भरपाई मिळत नाही. म्हणजे जेसीबी जागेवर आहे आणि त्यावरचे जोडउपकरण तेवढे गेले, तर दाव्याचा प्रश्न अवघड होतो. बांधकाम यंत्रांसाठी 'कंत्राटदाराची यंत्रसामग्री' या नावाने ओळखले जाणारे वेगळे विमापत्र मिळते. पोकलेनसारख्या नोंदणी नसलेल्या यंत्रांसाठी तेच योग्य. मात्र त्यातही अट असते. केवळ मालमोजणीच्या वेळी किंवा नेहमीच्या दुरुस्तीच्या वेळी लक्षात आलेले नुकसान भरून मिळत नाही. "दिवाळीत मोजदाद केली, तेव्हा ब्रेकर कमी निघाला," असे सांगून भागत नाही. तो केव्हा, कोठून गेला, हे सांगता आले पाहिजे. वर सांगितलेली नोंदवही येथे उपयोगी पडते.

चोरी झालीच, तर क्रम असा ठेवावा. प्रथम पोलीस. नंतर त्याच दिवशी विमा कंपनी आणि बँक, दोघांनाही लेखी. शोध त्यानंतर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

विलंबाच्या बाबतीत एक दिलासादायक निकाल सांगतो. पंजाबातील गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांत खबर दिली, परंतु विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवले. दावा नाकारला गेला. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला, की पोलिसांना तातडीने कळवले असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवण्यास झालेल्या उशिरामुळे तो फेटाळता येणार नाही. वाहनात चावी राहिल्याच्या एका ट्रकचोरी प्रकरणात २०२३ साली त्याच न्यायालयाने दावा सरसकट नाकारणे अयोग्य ठरवले आणि ७५ टक्के रक्कम देण्यास सांगितले. या दोन निकालांतून धीर घ्यावा. पण २०१० ते २०२० अशी दहा वर्षे न्यायाची वाट पाहण्याची ताकद किती जणांत असते, याचाही विचार करावा. माझ्या त्या कर्जदारात ती नव्हती.

त्याचे यंत्र सापडल्यावरही संकट संपले नाही. ते पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून महिनोन्महिने उभे राहिले. हाती आले तेव्हा बॅटरी नव्हती, टायर बसलेले होते आणि पाइप उंदरांनी कुरतडले होते. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, छायाचित्रे आणि हमीपत्र घेऊन ती लवकर सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितले आहे. म्हणून यंत्र सापडल्याचे कळताच वकिलामार्फत सुपूर्तनाम्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. त्या कुटुंबाने तो उशिरा केला. शेवटी दुकानाशेजारचा गाळा विकून त्यांनी आमचे खाते बंद केले. हिशेब चुकता झाला. व्यवसाय मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

चोरीचा माल कोणाच्या दुकानात जातो?

येथवर आपण मालकाच्या बाजूने पाहिले. आता दुसऱ्या बाजूने पाहणे आवश्यक आहे, कारण आपल्यातील काही कुटुंबे यंत्रांच्या जुन्या-नव्या भागांचा आणि भंगाराचा व्यापार करतात. चोर पंप काढतो, तो स्वतःसाठी नव्हे. कोणीतरी तो विकत घेणार, याची त्याला खात्री असते.

दोन वर्षांपूर्वी समाजातील एक तरुण दुकानदार संध्याकाळी माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. त्याने एक जुना हायड्रॉलिक पंप बिलाशिवाय, रोखीने, बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतला होता आणि आता पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावले होते. "काका, मी चोरी केली नाही, मी तर पैसे देऊन माल घेतला," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला विचारले, "एवढा स्वस्त का, हे तू विचारलेस काय?" तो गप्प बसला.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला तर दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. अर्ध्या किमतीत, पावतीशिवाय, घासलेल्या क्रमांकासह आलेला माल हे 'कारण' नव्हे, तर दुसरे काय? माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे नसलेली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे माल मूळ मालकाकडे जातो, पैसे बुडतात आणि नाव खराब होते.

कायदा नवा आहे, परंतु आपल्याला ही गोष्ट नवी नसावी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. चोराला प्रवृत्त करणे, चोराने आणलेली वस्तू घेणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, मापात मारणे आणि बनावट माल खपवणे. या यादीत रात्री भिंत फोडणारा कोठेच नाही. पाचही दोष दिवसाढवळ्या, गादीवर बसून होणारे आहेत. हे व्रत सांगणाऱ्यांनी गृहस्थाच्या बाजारातील पाऊल किती बारकाईने पाहिले होते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

म्हणून जुन्या मालाच्या खरेदीत चार नियम पाळावेत. विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि मूळ खरेदीची पावती घ्यावी. भागावरील क्रमांक आपल्या वहीत लिहावा आणि क्रमांक घासलेला असेल, तर माल परत पाठवावा. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिलेला खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही, हे आपले कर सल्लागार सांगतातच. संपूर्ण यंत्र घेताना नोंदणीपत्र, नजरगहाणाची नोंद आणि कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोलीस पोर्टलवर नोंदणी, इंजिन किंवा चेसिस क्रमांक देऊन वाहन चोरीचे म्हणून नोंदले आहे काय, हेही तपासता येते. त्यासाठी काही मिनिटे लागतात.

त्या तरुणाने माझ्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी वडिलांना बरोबर घेऊन पंप पोलिसांच्या स्वाधीन केला आणि विकणाऱ्याचा सारा तपशील दिला. तो साक्षीदार ठरला, आरोपी नव्हे. पैसे गेले ते गेलेच. पंप ज्या यंत्राचा होता, त्याचा मालक पुढे त्याच्या दुकानात आला होता. आभार मानायला नव्हे, तर पाहायला, की माझा पंप घेणारा हा कोण माणूस आहे. "काका, त्या माणसाच्या नजरेला नजर देणे सर्वांत कठीण गेले," असे तो मला म्हणाला.

आता त्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक जाड वही असते. जुना भाग घेऊन येणाऱ्याने आधी तीत नाव, पत्ता आणि भागाचा क्रमांक लिहायचा, मग भावाची गोष्ट. काही जण वही पाहूनच माल उचलून निघून जातात. धंदा थोडा कमी झाला, असे तो सांगतो. त्याच्या वडिलांना त्याची खंत नाही. जे वही पाहून निघून जातात, त्यांच्या पाठीमागे कोणाचे तरी यंत्र आज रात्री बंद पडून उभे असणार, एवढे त्यांना समजते.